तिकीट काढून ऐकलेला गोंगाट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "तुला पंधरा मिनिटं. कंपनीचं, कोडिंगचं, एआयचं बोलू नकोस, ते सगळेच बोलायलेत. तुझ्या त्या भलत्या छंदावर बोल." भलता छंद म्हणजे काय ते ग्रुपवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मागे मी एका कार्यक्रमाची अर्ध्या मिनिटाची क्लिप टाकली होती. त्यावर आलेली उत्तरं मी जपून ठेवली आहेत. "ट्रान्सफॉर्मर जळाला का गं?" "पिठाच्या गिरणीत उभी आहेस का?" आणि सगळ्यात प्रामाणिक प्रश्न, "पैसे देऊन हे ऐकायलीस?"

होय, पैसे देऊन. या संगीताला नॉइज म्युझिक म्हणतात. त्याच्या शेजारीच प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत येतं. दोन्हींमध्ये गाणं नसतं, बहुतेक वेळा ताल नसतो, राग तर नसतोच. असतो तो नुसता आवाज. गेली सातआठ वर्षं मी पुण्यात, मुंबईत, कामानिमित्त बेंगळुरूला गेले तर तिथे, असे कार्यक्रम शोधून ऐकते. का ऐकते, एवढंच आज सांगायचं आहे. आवडून घ्या असा आग्रह नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. आपल्या गॅदरिंगमध्ये माइक "कुईं" करून ओरडायचा, आठवतं? मग माइकवाला पळत यायचा आणि सर कानावर हात ठेवायचे. ते का व्हायचं? स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. आवाज आपलीच शेपटी धरून गरगर फिरतो. जपानचे तोशिमारू नाकामुरा हे कलाकार हेच मुद्दाम करतात. ते मिक्सरला कसलंही वाद्य किंवा माइक जोडत नाहीत. मिक्सरमधून बाहेर जाणारी वायर त्याच मिक्सरच्या आत जोडतात आणि बटणं केसभर फिरवत त्या "कुईं"ला आकार देतात. गॅदरिंगमध्ये जो बिघाड होता, तेच त्यांचं वाद्य आहे. कुणी पत्र्याच्या तुकड्याला छोटा माइक चिकटवून तो पत्रा घासतं. कुणी जुन्या रेडिओची खरखर घेतं. जपानचेच मासामी अकिता 'मर्झबो' या नावाने 1979 पासून हे करत आहेत, आणि त्यांचा आवाज तर भिंतीसारखा अंगावर येतो.

मी इंजिनिअर आहे. विष्णुपुरीला, नांदेडच्या कॉलेजात, आम्हाला चार वर्षं एकच शिकवलं: सिग्नल हवा, नॉइज नको. नॉइज म्हणजे गाळून टाकायची गोष्ट. त्यामुळे गोंगाट हाच ऐकायचा विषय, हे पचायला मला वेळ लागला. पण एक उदाहरण देते. दूरदर्शन बंद झालं की टीव्हीवर "मुंग्या" यायच्या आणि खर्र असा आवाज यायचा. त्या मुंग्यांतला अगदी थोडा अंश विश्वाच्या आरंभीच्या काळापासून अवकाशात उरलेल्या प्रारणाचा होता. पेन्झियास आणि विल्सन या दोन अमेरिकन संशोधकांच्या अँटेनात 1964 साली असाच एक आवाज यायला लागला. त्यांनी सगळं तपासलं, अँटेनात घरटं केलेल्या कबुतरांची विष्ठासुद्धा धुऊन काढली. आवाज जाईना. शेवटी कळलं की तो बिघाड नाहीच. त्या खरखरीला 1978 साली नोबेल मिळालं. म्हणजे कुठला आवाज कचरा आणि कुठला बातमी, हे ऐकायच्या आधी ठरवता येत नाही.

हे खूळ आजचंही नाही. लुइगी रुसोलो या इटालियन चित्रकाराने 1913 साली लिहून ठेवलं की यंत्रयुगातल्या माणसाला आता यंत्रांच्या आवाजांचं संगीत हवं. त्याने त्यासाठी खोक्यांसारखी वाद्यं बनवली आणि 1914 साली मिलानमध्ये कार्यक्रम केला. तिथे चक्क हाणामारी झाली. 1922 साली बाकू शहरात आर्सेनी अवरामोव्हने कारखान्यांचे आणि जहाजांचे भोंगे घेऊन अख्ख्या शहराची सिंफनी वाजवली. नांदेडमध्ये ज्यांनी मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावली, त्यांना ही कल्पना काही परकी वाटू नये. आणि 1948 साली पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफरने आगगाडीच्या आवाजांपासून एक रचना केली. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आपली बार्शी लाइटच आठवली. लातूरहून कुर्डुवाडीला जाताना ती छोटी गाडी जे काय खडखड करायची, ते आपण फुकटात ऐकलं होतं.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकेहून मूग सिंथेसायझर आला आणि डेव्हिड ट्यूडर या संगीतकाराने तो बसवून दिला. त्यामागे गीता साराभाई होत्या. या पखवाज शिकलेल्या बाई 1946 साली न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. एनआयडीच्या त्या स्टुडिओत आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि स्वतः गीताबाई यांनी तीनएक वर्षं प्रयोग केले. मग तो स्टुडिओ बंद पडला आणि टेपा कपाटात गेल्या. पॉल पुर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या, आणि 2023 साली त्यातल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. म्हणजे आपल्यापैकी कुणाचा जन्म झाला नव्हता तेव्हा आपल्या देशात हे चाललेलं होतं, आणि आपल्याला पन्नास वर्षं पत्ता नव्हता.

आता जरा जड विषयाकडे येते.

30 सप्टेंबर 1993. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशे चालले होते, मग गाव शांत झालं, माणसं दमून झोपली, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आपल्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. सुमारे 10 हजार माणसं गेली. आपल्या वर्गातल्या काहींच्या घरची, नात्यातली माणसं त्यात होती. त्यांची नावं मी इथे घेत नाही. इथे बसलेल्या सगळ्यांना ती माहीत आहेत.

आपण लातुरातले वाचलो. पण आपले कान त्या रात्री बदलले. हादऱ्याआधी आणि हादऱ्याबरोबर आलेला तो खालून येणारा घुमा आवाज ज्याने ऐकला, त्याला तो सांगता येत नाही आणि विसरता येत नाही. किल्लारीच्या लोकांनी तर वर्षभर आधी, 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, असे आवाज आणि छोटे धक्के अनुभवले होते. पुढे 2007 च्या सुमारास नांदेड शहरात जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा तिथली माणसं रात्री रस्त्यावर येऊन बसायची. अलीकडे, 2022 साली, निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तेच झालं. आपल्या भागात "गूढ आवाज" ही पेपरातली नेहमीची बातमी आहे. आपण आवाजाला भिणारी माणसं आहोत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा वर्ग मैदानात, लिंबाखाली भरायचे. औसा रोडवरून भरलेला ट्रक गेला तरी निम्मी पोरं उठून उभी राहायची. तेव्हा आपल्या बाईंनी एक गोष्ट केली. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना आठवतं की नाही माहीत नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "उठायचं तर उठा, आपण मोकळ्यावरच आहोत. पण आधी ऐका. कशाचा आहे आवाज?" कुणी म्हणालं ट्रक. "रिकामा की भरलेला?" भरलेला. "अजून काय ऐकू येतंय?" दाल मिल. गिरणीचा पट्टा. गाडीची शिट्टी. शेजारी कुणी धुणं आपटतंय. बाईंनी फळ्यावर यादी केली. पुढे काही दिवस रोज पाच मिनिटं हा उद्योग चालला. धडा कुठला होता ते मला आठवत नाही, पण आवाजाला नाव दिलं की तो थोडा लहान होतो, हे मी तिथे शिकले.

यानंतर पंचवीस वर्षं मधे गेली. 2018 साली पुण्यात ऑफिसमधली एक मैत्रीण मला एका कार्यक्रमाला घेऊन गेली. काय आहे विचारलं तर म्हणाली, "सांगता येत नाही, चल." एक लहान हॉल, चाळीसएक माणसं, निम्मी जमिनीवर बसलेली. स्टेज नाही. मधोमध टेबल, त्यावर मिक्सर, वायरी, एक पत्रा. दारातच कानात घालायचे बोळे वाटत होते. तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं.

एक तरुण मुलगा टेबलापाशी बसला. पहिली काही मिनिटं नुसती खरखर होती. मग खालून एक आवाज सुरू झाला. तो कानाला आधी कळलाच नाही. तळव्यांना कळला, मग पोटाला. फरशीला हात लावला तर फरशी थरथरत होती. माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झच्या वरचं ऐकू येतं. त्या सीमेजवळ आलेला आवाज ऐकण्याऐवजी अंगात जाणवायला लागतो. भूकंपाची बहुतेक हालचाल या सीमेच्याही खाली असते. आपण त्या पहाटे ऐकला तो तिचा फक्त वरचा काठ. हे सगळं मला इंजिनिअर म्हणून माहीत होतं. पण माझ्या अंगाला माहीत नव्हतं. माझे पाय गोळा झाले, नजर दाराकडे गेली. मी लातूरची आठवीतली मुलगी होते आणि मला बाहेर पळायचं होतं.

आणि तिथे मला बाईंचा प्रश्न ऐकू आला. कशाचा आहे आवाज? दार चार पावलांवर होतं, ते उघडं होतं, कुणी अडवणार नव्हतं. म्हणून मी बसले आणि यादी करायला लागले. हा स्पीकरचा कागद फडफडतोय. हा विजेचा गुंजारव, आपल्याकडे तो 50 आणि 100 हर्ट्झला असतो. हा पत्रा. ही खरखर, तिच्यात वरचा पदर पावसासारखा आणि खालचा वाळू चाळल्यासारखा. यादी पाचसात नावांपर्यंत गेली आणि संपली. आवाज मात्र संपला नव्हता. त्यात असं पुष्कळ काही होतं ज्याला माझ्याकडे नाव नव्हतं. तो कशाचाच आवाज नव्हता. ट्रकचा नाही, जमिनीचा नाही, कसल्या संकटाची वर्दी नाही. नुसता आवाज होता, वाढत होता, पालटत होता, आणि मी त्यात बसलेली होते.

मला जे सांगायचं आहे ते इतकंच आहे. बाईंनी मला आवाजाला नाव द्यायला शिकवलं. या संगीताने मला नाव नसलेल्या आवाजाजवळ बसून राहायला शिकवलं. दुसरी गोष्ट पहिलीशिवाय जमली नसती.

चाळीस मिनिटांनी त्या मुलाने एक बटण खाली आणलं आणि आवाज थांबला. त्यानंतरची शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. छताचा पंखा, कुणाचा तरी श्वास, बाहेर लांबवर रिक्षा, सगळं धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ. माझे गाल ओले होते. शेजारच्या अनोळखी मुलीने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

भीती गेली का? नाही. आजही पहाटे चारला सोसायटीखालून सिमेंटचा मिक्सर गेला की मी जागी होते. पण आता उठून उभी राहत नाही. पडल्या पडल्या तो वळणापर्यंत जाईपर्यंत ऐकते. माझ्यासाठी हे थोडं नाही.

आता तुमच्या लक्षात येईल की ती क्लिप ट्रान्सफॉर्मरसारखी का वाटली. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचे आवाज जवळजवळ येतच नाहीत. जे तळव्यांनी ऐकायचं ते फोनने गाळून टाकलं आणि वरची कुरकुर तेवढी तुमच्यापर्यंत पोचली. हे संगीत समोर बसूनच ऐकायचं. अंगाला लागतं म्हणून, आणि शेजारी माणसं असतात म्हणूनसुद्धा. एकटीने अंधारात मी ते ऐकू शकले नसते.

समोर बसण्याचं आणखी एक कारण माझ्या धंद्यातलं आहे. लाइव्ह कोडिंग नावाचा प्रकार आहे. कलाकार लॅपटॉप घेऊन बसतो, पडद्यावर त्याचा कोड सगळ्यांना दिसतो, आणि तो कोड लिहीत जाईल तसा आवाज बदलत जातो. चूक झाली तर सगळ्या सभेसमोर होते. आम्ही ऑफिसात दहादा तपासून जे पाठवतो, ते ही मुलं चालू मैफलीत बदलतात. मला आधी धडकीच भरली, मग मजा वाटायला लागली. या लोकांमध्ये 'टायडलसायकल्स' हे सॉफ्टवेअर फार वापरलं जातं. ॲलेक्स मॅकलिन या ब्रिटिश कलाकाराचं ते काम. त्यात ताल लिहायची जी छोटी लिपी आहे, तिचं मूळ 'बोल प्रोसेसर' नावाच्या जुन्या प्रोग्राममध्ये आहे. आणि बोल म्हणजे कसले, तर आपल्या तबल्याचे. 1980 च्या दशकात जेम्स किपेन लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायद्याचे पलटे कुठल्या नियमांनी होतात ते त्यांनी आणि बर्नार्ड बेल यांनी व्याकरणासारखं मांडलं. संगणकाने पलटे रचायचे आणि उस्तादांनी ठरवायचं, हा चालेल, हा चालणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की हे संगणकाचं संगीत आपल्या मातीतलं नाही, तर त्याला लखनौची ही गोष्ट सांगा.

एक प्रश्न तुम्ही विचारणार, म्हणून आधीच उत्तर देते. "मग आमच्या गल्लीतल्या डीजेने काय घोडं मारलं? तोही छाती हलवतो." फरक आवाजाच्या मोठेपणात नाही, मर्जीत आहे. त्या हॉलमध्ये मी स्वतः गेले, कानाला बोळे मिळाले, दार उघडं होतं, आणि तो आवाज कधी संपणार ते मला माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली, आणि बोळे ठेवा असंही सांगितलं. गल्लीत भिंत उभी राहते तेव्हा पाळण्यातल्या लेकराला, दवाखान्यातून कालच आणलेल्या आजोबांना, परीक्षा असलेल्या पोराला कुणी विचारलेलं नसतं. कायद्यात निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती कोणत्या मिरवणुकीत पाळली जाते, ते मी तुम्हाला विचारत नाही. आपल्यातले काही जण आता नगरसेवक आहेत, काही मंडळांचे अध्यक्ष आहेत. मित्र म्हणून एवढंच म्हणते, ज्या गावाने 1993 ची ती पहाट ऐकली, त्या गावाने तरी कुणाची छाती त्याच्या मर्जीविरुद्ध हलवू नये.

लातूर पॅटर्नने आपल्याला पेपर सोडवायला शिकवलं, आणि त्यावर आपली घरं उभी राहिली. मी तो पॅटर्न नाकारत नाही. पण त्यात प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, आणि ते तीन तासांत द्यायचं असायचं. चाळिशी ओलांडल्यावर आपल्यापुढे जे येतं, आईवडिलांची दुखणी, पोरांचं गप्प होणं, नोकरीतली अनिश्चितता, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना लगेच नाव देता येत नाही. तिथे न पळता थोडा वेळ बसून राहता आलं पाहिजे. मला ते गोंगाटाने शिकवलं. तुम्हाला भजनाने, शेताने, नाहीतर आणखी कशाने शिकवलं असेल. ते ऐकायला मला आवडेल.

उद्या सकाळी काही जण गंजगोलाईत चहाला भेटणार आहोत. तिथे सोळा रस्त्यांचा आवाज एका जागी येऊन पडतो. ज्याला माझ्याबरोबर पाच मिनिटं न बोलता उभं राहायचं असेल, त्याने सात वाजता यावं. तिकीट नाही, चहा माझ्याकडे.

बाई, तुम्ही फळ्यावर केलेली ती यादी मी अजून वाढवते आहे. नमस्कार करते.